तरणा पाऊस आणि लाकडी जेट

पुनर्वसू लागलाय, तरणा पाऊस. बेळगावात सकाळपासून झड आहे आणि शेडमधला आर्द्रतामापक नव्वदच्या खाली यायला तयार नाही. व्हॅम्पायरसारखं जुनं लढाऊ जेट उडतं करायचं असेल तर अशा दिवशी गोंदाला हात लावायचा नाही.

जेट म्हटलं की लोक सगळं धातूचं समजतात. व्हॅम्पायर भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट, १९४८ सालचं. त्याचे पंख आणि शेपटीचे दोन दांडे धातूचे आहेत, खरं वैमानिक बसतो तो पुढचा भाग लाकडी: बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा. पाहुणा आला की पहिला इंजिनाकडे जातो. इंजिन त्या मानाने सोपं. विमान जमिनीवर अडकून राहतं ते लाकडापायी आणि रबरापायी.

हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की लाकडातलं पाणी १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. ९० टक्क्यांना ते २०वर जातं. चिकटवायला ८ ते १२ लागतं आणि २०च्या वर राहिलं की बुरशी धरते. म्हणून आधी ओलावा मोजणारा दोन पिनांचा मीटर टोचायचा, मग बाकीचं. ओलं सापडलं म्हणून हीटर लावायचा मोह होतो. तो टाळावा. बाहेरचा प्लाय आधी सुकून आकसतो, आतला बाल्सा ओलाच राहतो आणि सांधा उकलतो. बंद खोली, डीह्युमिडिफायर आणि तीन-चार आठवडे धीर, एवढंच औषध.

मग टकटक. नाण्याच्या कडेने दर दोन बोटांवर वाजवत जायचं. चांगलं लाकूड 'टक' करतं, सुटलेलं 'भद्द'. भद्द वाजलं तिथे खडूने गोल. हे गोल बहुतेक कॉकपिटच्या तळाशी, कॅनॉपीच्या (वरच्या पारदर्शक झाकणाच्या) कडेला आणि धातूचे फिटिंग बसतात तिथेच पडतात, कारण धातूवर दव धरतं आणि बोल्टच्या भोकातून आत मुरतं. गेटवर शोभेला उभं केलेलं विमान असेल तर पोटाखालची निचऱ्याची भोकं आधी शोधा. ऑइल पेंटच्या थरांनी ती बुजलेली असतात. रंग चकचकीत, आत डबकं!

सडका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि जोडाला जाडीच्या बारापट उतार द्यायचा: दीड मिलिमीटर प्लाय असेल तर १८ मिलिमीटर. प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदाचा एक नमुना सांधा त्याच दिवशी बनवून ठेवायचा आणि पक्का झाल्यावर पटाशीने फोडायचा. लाकूड फाटलं तर सांधा पास. गोंदाच्या रेषेवर स्वच्छ उकलला तर त्या दिवशीचे सगळे जोड काढायचे. इथे दयामाया नाही.

आज ते काही होणार नाही, म्हणून बोल्टांचे डबे. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात, तिथल्या टर्नरला मायक्रॉन शिकवायला नको. पण विमान ब्रिटिश आहे. पाव इंची बीएसएफच्या (ब्रिटिश बारीक आट्यांच्या) भोकात मेट्रिक एम-६चा बोल्ट गपकन जातो, पकडल्यासारखाही वाटतो. बीएसएफचा व्यास ६.३५ मिलिमीटर, इंचाला २६ आटे, कोन ५५ अंश. एम-६चा व्यास ६, आट्यांचं अंतर १ मिलिमीटर, कोन ६०. आवळला की आटे गेलेच. मेट्रिकचा डबा या टेबलावर ठेवूच नये.

तेच फाउंड्रीचं. चाकाचं मॅग्नेशियम कास्टिंग खाल्लेलं निघालं तर हुबेहूब तसं ओतून देणारे गावात मिळतील. खरं धातूच्या घाणाचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) दाखला, एक्स-रे आणि मंजूर ड्रॉइंग नसेल तर तो नुसता पेपरवेट.

रबरात फसगत जास्त, कारण काळी रिंग काळीच दिसते. लाल खनिज हायड्रॉलिक तेलाला नायट्राइल रबर लागतं. मोटारीच्या ब्रेकच्या, ईपीडीएम या दुसऱ्या रबराच्या रिंगा त्याच मापाच्या मिळतात आणि त्या तेलात फुगतात. फुगलेली रिंग चाक उतरवणाऱ्या जॅकला आवळून धरते, एक चाक उशिरा उतरतं आणि बोल पंपाला लागतो. नव्या रिंगांतली एक २४ तास तेलात बुडवून व्हर्नियरने मोजा, नंतरच बाकीच्या बसवा. होजची (तेलाच्या लवचिक नळीची) चाचणी द्रवानेच घ्यायची, हवेने कधीच नाही. हवेच्या दाबाखाली होज फुटला की बॉम्बच.

इजेक्शन सीट असेल तर तिच्या जाणकाराने पिना लावून काडतुसं काढेपर्यंत कॉकपिटमध्ये कुणी बसायचं नाही. कॉकपिटमधल्या जुन्या घड्याळांच्या (डायलच्या) आकड्यांवर रेडियम असतं, काच उघडायची नाही.

राहिलं गॉब्लिन इंजिन. १६ ज्वलनकक्ष, प्रत्येकात बोरोस्कोप (आत बघायची बारीक दुर्बीण) घालून फ्लेम ट्यूबच्या, म्हणजे आतल्या जळणाच्या नळीच्या, चिरा बघायच्या. सुरू करताना पेट घेतला नाही तर लगेच दुसरा प्रयत्न नको. साचलेलं केरोसीन निथळू द्या, नाहीतर पुढच्या वेळी मागच्या पाइपातून ज्वाळा येते आणि टर्बाइन भाजतं. त्याही आधी रोटर हाताने सावकाश फिरवून कान लावायचा. बेअरिंगची खरखर किंवा पात्याची घासण पहिल्यांदा कानालाच कळते. पत्र्यावर हा असा पाऊस वाजत असताना तेही काम घेऊ नये.