टर्मिनलमधून सेल्सफोर्स

आज ऑफिसात एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) सेल्सफोर्स, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, जोडून दिलं, तेही सेल्सफोर्सच्याच कमांड लाइन टूलमधून, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून. फार समाधान वाटतंय, म्हणून लिहितोय.

जोडणी तशी सोपी. टर्मिनलमध्ये ‘एसएफ ऑर्ग लॉगिन वेब’ दिलं की ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करायचं आणि टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल किल्ली) आपल्याच मशीनवर साठवलं जातं. एजंटच्या हाती पासवर्ड पडतच नाही. कमांडला जेसनचा (प्रोग्रॅमना वाचायला सोप्या मांडणीचा) फ्लॅग लावला की उत्तरही त्याला नीट वाचता येईल असं येतं.

खरा वेळ गेला तो परवानग्यांत, आणि तो जायलाच हवा. ज्या युजरने लॉगिन केलंय, त्याचेच अधिकार एजंटला मिळतात. अ‍ॅडमिनचं लॉगिन दिलं तर ग्राहकांच्या नोंदी डिलीट करायची मुभाही त्याला मिळते. म्हणून वेगळा युजर काढला, फक्त वाचण्यापुरता, आणि आधी सँडबॉक्समध्येच, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत, चालवून पाहिलं. (बरेच जण ही पायरी गाळतात. मला ते अजिबात पटत नाही.)

मग एजंटला सरळ मराठीत विचारलं, ‘या महिन्यात क्लोज व्हायच्या, पण बरेच दिवस कुणी हात न लावलेल्या डील्स कोणत्या?’ त्याने स्वतःच एसओक्यूएल (सेल्सफोर्समधून माहिती काढायची भाषा) क्वेरी लिहिली, क्लोज डेट आणि शेवटच्या अ‍ॅक्टिव्हिटीची तारीख ताडून पाहिली आणि यादी समोर ठेवली. आमच्या सेल्सच्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या. यादी वाचता वाचताच त्यांनी पहिल्या ग्राहकाला फोन लावला!

नोंदी बदलायचा अधिकार एजंटला एवढ्यात देणार नाही. उद्या सपोर्टच्या केसेस जोडायला घेतोय. कुणी केलं असेल तर जरूर सांगा.