टोकियोत रामेन आणि सुशी, शाकाहारी सोबत असताना

टोकियोत चांगलं जेवायचं म्हणजे महिनाभर आधी बुकिंग आणि भरमसाट पैसे, असं वाटत असेल तर तो विचार सोडा. आमचं मन खरं तृप्त झालं ते एबिसू भागातल्या 'आफुरी' या रामेनच्या (रश्शातल्या शेवयांच्या) दुकानात आणि फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या (आंबटसर भातावर बहुधा माशाचा काप) दुकानांत. आई पक्की शाकाहारी, बाकी आम्ही सगळं खाणारे, त्यामुळे दोघांच्याही कामाचं लिहितो.

आफुरी 2003 पासूनचं. त्याचं नाव टोकियोशेजारच्या कानागावा प्रांतातल्या एका डोंगरावरून पडलंय. दारातच तिकिटाचं मशीन असतं: आधी पैसे भरायचे, बटण दाबायचं आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची. मी युझू शिओ घेतलं, म्हणजे मिठाच्या रश्शात युझू हे जपानी लिंबू. रश्शावर कोंबडीचं तेल कमी हवं की जास्त, तेही विचारतात. पहिल्यांदा कमीच सांगा, युझूचा वास मोकळा येतो. काउंटरलाच बसा. समोर आचारी जाळीतल्या शेवया उचलून दोन-तीन जोरदार झटके देतो, पाणी पार निथळतं आणि मगच त्या रश्शात पडतात. डुकराच्या मांसाचा काप कोळशावर भाजून वर ठेवतात, त्याच्या करपलेल्या कडेचा धुरकट वास त्या आंबटसर रश्शात फार सुंदर उतरतो. वाडगा आला की लगेच खायला लागा. फोटो काढत बसलात तर शेवया फुगतात. भुरके मारायला अजिबात लाजू नका, सगळेच मारतात.

आईसाठी इथे व्हीगन रामेन होतं, वर भरपूर भाज्या. तिने रस्साही संपवला, याचा मला फार आनंद झाला. कारण जपानमध्ये 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. साध्या दिसणाऱ्या रश्शातही दाशी नावाचं सार असतं, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून केलेलं असतं. 'मांस, मासे आणि माशाचं दाशी चालत नाही' हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. टोकियो स्टेशनात 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. तिळाचा तिखट रस्सा आपल्या जिभेला लगेच आवडतो. फक्त ते तिकीट गेटच्या आत आहे, तेव्हा गाडी बदलतानाच जा.

पट्ट्यावरची सुशी 1958 साली ओसाकाकडे सुरू झाली. सुशीचं दुकान चालवणाऱ्या शिराइशी योशिआकी यांना बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून ती सुचली. 2023 मध्ये ग्राहकांच्या किळसवाण्या चाळ्यांचे व्हिडिओ पसरले. त्यानंतर बऱ्याच दुकानांनी बशा फिरवणं थांबवलं, आता पडद्यावर मागवलं की बशी थेट टेबलाशी येते. ते बरंच झालं, सुशी ताजी मिळते. पडद्यावर इंग्रजी निवडता येतं. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, बहुधा वेगळी मिळते, बेताने लावा. सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा, भाताची नाही, नाहीतर भात सुटतो. टेबलावरच्या नळाला उकळतं पाणी येतं, ते चहासाठी. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना नळापासून लांब बसवा.

शाकाहाऱ्यांना इथे निवड कमीच. काकडीचा कप्पामाकी, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला काकडी-भात, सर्वांत निर्धोक. इनारीची (भात भरलेली) तोफूची पिशवी आणि अंडं चालत असेल तर अंड्याची सुशी बिनमाशाची दिसली तरी दोन्हींत बहुधा दाशी असतं. आईला इथे न्यायचं तर आधी तिचं पोट दुसरीकडे भरा.

रामेनला साधारण 1,000 ते 1,500 येन लागतात. 1,000च्या नोटा जवळ ठेवा, काही मशीनं कार्ड घेत नाहीत आणि जुनी मशीनं 2024च्या नव्या नोटाही नाकारतात. दुपारी बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी असते, दोननंतर गेलात तर रांग फारशी लागत नाही. टीप देऊ नका. खाऊन झालं की वाडगा काउंटरच्या वरच्या कट्ट्यावर ठेवून उठायचं, मागे लोक उभे असतात.