'अप्रूव्ह'वर मी का अडून बसते

वॉलेट (क्रिप्टो नाणी सांभाळणारं ॲप), स्वॅप (एक नाणं देऊन दुसरं घेणं), गॅस (व्यवहारामागे नेटवर्कला द्यायचं शुल्क) हे तुमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. डीफाय ॲप, म्हणजे बँकेशिवाय क्रिप्टोचे व्यवहार करून देणारं ॲप, लोकांना वापरायला किती सोपं आहे हे तपासायला, म्हणजे यूएक्स परीक्षणाला, मला बोलावतात आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच: 'एरवी क्लिक कमी करा म्हणता, मग अप्रूव्हच्या स्क्रीनवर लोकांना रक्कम का टाकायला लावता?' परवा तुम्हीही विचारलंत. म्हणून एकदा सगळं सांगते. अप्रूव्ह म्हणजे ॲपच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे व्यवहार आपोआप पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमच्या वॉलेटमधून नाणी काढायची मुभा देणं.

२०२१ मध्ये मी एका ॲपची युझर टेस्ट घेत होते. सहा माणसं, खोटी नाणी. चौथे आले ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळी नोकरी कॅश काउंटरवर काढलेली. दोनशे यूएसडीसी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं) बदलून घ्यायचे होते. स्वॅपच्या आधी अप्रूव्ह आलं तसा त्यांचा हात थांबला. 'मॅडम, मंजुरी कशाला द्यायची? या दोनशेला, की सगळ्यालाच?'

टेस्ट घेणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं. मी नियमाप्रमाणे म्हटलं, 'तुम्हाला काय वाटतं?'

'दोनशेच असणार,' म्हणाले आणि बटण दाबलं.

ॲपनं कॉन्ट्रॅक्टसाठी मागितली होती दोनाचा २५६वा घात वजा एक इतकी मुभा. ७८ अंकी आकडा. म्हणजे वॉलेटमध्ये आज आहेत ते आणि पुढे येतील तेही सगळे यूएसडीसी. स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नव्हतं.

मी हे अहवालात लिहिलं होतं. लपवलं नव्हतं. पण सातव्या क्रमांकावर, आणि तीव्रता 'मध्यम'. कारण सहापैकी सहा जणांनी काम पूर्ण केलं होतं. आमच्या मापात कुणी अडलंच नाही, तर दोष मोठा कसा ठरणार?

पुढच्या वर्षी त्या निवृत्त गृहस्थांचा फोन आला. टेस्टनंतर त्यांनी तेच ॲप खऱ्या पैशांनी वापरलं होतं. कॉन्ट्रॅक्टमधली एक चूक कुणाला तरी सापडली आणि ज्यांनी ज्यांनी मुभा दिली होती त्यांची वॉलेटं उपसली गेली. यांचे सव्वातीन लाख रुपये गेले. 'पण मी तर केव्हाच डिस्कनेक्ट केलं होतं,' ते परत परत सांगत होते. वॉलेट ॲपपासून डिस्कनेक्ट केल्यानं मुभा रद्द होत नाही, त्यासाठी वेगळा व्यवहार करावा लागतो आणि त्यालाही गॅस पडतो, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, 'मी तुम्हाला विचारलं होतं ना?'

टेस्ट खोट्या नाण्यांची होती. नियम माझा नव्हता. बदल करायचा की नाही हे टीमनं ठरवायचं होतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते अनेकांना ऐकवलं आहे. पण टेस्ट संपल्यावर दोन मिनिटं बसवून त्यांना समजावून सांगायला कोणताच नियम आड येत नव्हता. मानधनाचं पाकीट देऊन मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या डीफाय प्रकल्पाच्या संकेतस्थळात घुसवलेल्या कोडनं लोकांकडून अशाच मंजुऱ्या काढून घेतल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजच्या, व्यवहारांवर सही करणाऱ्या जाणकार माणसांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसला. सही झाली ती भलत्याच गोष्टीवर. तेव्हा 'अडाणी वापरकर्ता' हे कारण मला आता देऊ नका.

दर वेळी नवी मंजुरी म्हणजे दर वेळी नवा गॅस, हे तुमचं म्हणणं मात्र मी खोडू शकत नाही. २०२१ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवर एका मंजुरीलाच कित्येकदा दहा-वीस डॉलर गॅस लागायचा. दोनशेच्या व्यवहारासाठी दर वेळी तो भरा, असं मी त्या काकांना कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? अमर्याद मुभा ही कुणाची लबाडी नव्हती, ती माणसांचे पैसे वाचवत होती. क्लिक कमी करा म्हणणारी तेव्हाची मी मूर्ख होते, असंही मला म्हणवत नाही. रक्कम टाकायची वेळ आली की लोक ॲप सोडून जातात ही तुमची तक्रारही खरी आहे.

गेल्या महिन्यात माझ्याच नव्या स्क्रीनची टेस्ट होती. रक्कम ठळक, खाली साध्या मराठीत एक ओळ. चोवीस वर्षांच्या एका मुलानं ती ओळ ओलांडून सरळ 'कमाल', म्हणजे जास्तीत जास्त मुभेचं बटण, दाबलं. टेस्ट संपल्यावर मी त्याला थांबवून विचारलं, कशाला मंजुरी दिलीस?

'आजच्या स्वॅपला,' तो म्हणाला.

मग आम्ही दोघं बसलो आणि त्याच्या खऱ्या वॉलेटमधल्या मुभा एकेक करून बघितल्या. अकरा निघाल्या.