सहा ग्रॅमचा फरक

परत आलेलं पार्सल मी एकट्याने कधीही उघडत नाही. भाचा मोबाइल धरतो. मी पार्सलच्या सहाही बाजू कॅमेऱ्याला दाखवतो, काट्यावर ठेवतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि मगच ब्लेड लावतो. अमळनेरसारख्या गावात, जिथे अजूनही कितीतरी व्यवहार ओळखीवर आणि उधारीच्या वहीवर चालतात, तिथे एवढा पुरावा कशाला, असं घरच्यांना वाटायचं. पण मी ज्यांना माल पाठवतो त्यांना मी कधी पाहिलेलं नसतं, आणि त्यांनी मला. त्यातून माझा माल बंद पाकिटातला.

मी स्मारक नाणी विकतो. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या आपल्या सरकारी टांकसाळी. १९६४ मध्ये नेहरूंच्या स्मरणार्थ पहिलं स्मारक नाणं निघालं, तेव्हापासून हा सिलसिला सुरू आहे. संग्राहकांसाठीची नाणी टांकसाळीतून फोल्डरमध्ये किंवा डबीत येतात. काही जण पाकीट फोडून नाणं बघतात, काही जण वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. माझं बहुतेक गिऱ्हाईक दुसऱ्या प्रकारचं. पाकीट जसं आलं तसं हवं, साधी घडी पडलेली चालत नाही.

रिटर्न येतात, आणि ते बहुतेक वेळा सरळ असतात. कुणी प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत घडवलेलं) आणि यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं साध्या घडणीचं) नाणं यात गफलत करतं. प्रूफची पार्श्वभूमी इतकी गुळगुळीत असते की तीत तोंड दिसतं, आणि वरचं चित्र दुधी. यूएनसीला ती झळाळी नसते, मग 'चमक कमी आहे' म्हणून पार्सल परत. कुणाला चांदीवर काळसर छटा दिसते. या मोठ्या स्मारक नाण्यांत बऱ्याचदा चांदी निम्मीच असते: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. चांदी आणि तांबं दोन्ही हवेतल्या गंधकाला धरतात, त्यामुळे छटा येणारच. समजावून सांगितलं की निम्मे लोक ऐकतात. न ऐकणाऱ्याचं पार्सल मी वाद न घालता घेतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष किंवा नकली असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. हा नियम योग्य आहे असं मी मनापासून मानतो. तो नसता तर अनोळखी माणसाकडून बंद पाकीट कुणी घेतलंच नसतं.

अडचण वेगळीच आहे. साडी परत आली तर दुकानदार ती उलगडून बघतो आणि पुन्हा घडी घालतो. बंद पाकीट उलगडता येत नाही. आत काय आहे हे बघायला फोडलं, आणि आतलं नाणं खरंच निघालं, तरी पाकीट 'फोडलेलं' झालं. किंमत उतरली, ती कुणाच्या माथी मारायची? आणि न फोडता तसंच दुसऱ्याला विकलं, तर आत काय जातंय याची खात्री मी कशी देणार?

ही गोष्ट आहे ७५ रुपयांच्या नाण्याची. नव्या संसद भवनाचं २८ मे २०२३ रोजी उद्‌घाटन झालं, त्या निमित्ताने ते निघालं. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला संसदेची इमारत आणि वर 'संसद संकुल' अशी अक्षरं. माझ्याकडून एक पाकीट विदर्भातल्या एका गृहस्थांनी मागवलं. मिळालं, आणि दोन-तीन दिवसांनी, मी ज्या वेबसाइटवरून विकतो तिथे, रिटर्नचा अर्ज आला. कारण: 'वस्तू नकली.' सोबत बंद पाकिटाचा एक फोटो. माझे पैसे निकाल लागेपर्यंत अडकले.

पैशापेक्षा मला 'नकली' हा शब्द लागला. या धंद्यात तो एकदा नावाला चिकटला की सुटत नाही. संग्राहकांची दुनिया लहान आहे, पुण्याचा माणूस नागपूरच्या माणसाला ओळखतो, आणि प्रदर्शनात भेटले की पहिली चौकशी हीच, कोणाकडचा माल भरवशाचा.

पार्सल आलं ते सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत. बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागलेले, गर्दीतून कुरिअरवाल्या पोराला गाडी काढता येईना, तो घामाघूम होऊन दुपारी दारात उभा राहिला. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. त्याला माठातलं पाणी दिलं, भाच्याला हाक मारली आणि कॅमेरा सुरू केला.

पाकीट बंद होतं. वरची प्लास्टिकची फिल्म ताणलेली, कोपरे नीट. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सील शाबूत आहे, विषय संपला. पण प्रत्येक पाकीट पाठवण्याआधी मी त्याचे जवळून फोटो काढून ठेवतो, मुख्यतः फिल्मच्या जोडाचे आणि सुरकुत्यांचे. त्या सुरकुत्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन पाकिटांच्या जुळत नाहीत. मी पाठवलेल्या पाकिटावर मागच्या डाव्या कोपऱ्यात एक तिरकी चुणी होती. या पाकिटावर ती नव्हती, आणि जोड मागच्या बाजूऐवजी कडेला आलेला. त्यांनी अर्जासोबत पाठवलेल्या फोटोतही जोड कडेलाच.

मग काटा. जाताना पाकिटाचं वजन १४२.६१ ग्रॅम नोंदलेलं. आता १३६.४ च्या आसपास.

भाचा चिडला. "मामा, सरळ लिहा ना, चोर आहे म्हणून!" मी त्याला म्हटलं, थांब. पुठ्ठा ओलावा धरतो, काटा चुकू शकतो, आणि पाकीट वाटेतही बदललं गेलेलं असू शकतं. वजन कमी आहे एवढंच आपल्याला कळलंय. आत काय आहे आणि ते कुणी घातलं, हे अजून कळलेलं नाही.

त्याच लॉटमधलं दुसरं बंद पाकीट माझ्याकडे शिल्लक होतं. दोन्ही घेऊन आम्ही सराफ गल्लीत बापूंकडे गेलो. बापूंचं दुकान जुनं, आणि त्यांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. त्यांनी दोन्ही पाकिटं एकापाठोपाठ एक ठेवली. सहा ग्रॅमहून जरा जास्तच फरक. माझ्या नोंदीत एकाच लॉटची पाकिटं एकमेकांपासून अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त कधी हलली नव्हती. पुठ्ठा कितीही कोरडा झाला तरी सहा ग्रॅम कुठून गमावणार? पस्तीस ग्रॅमच्या नाण्यातले सहा ग्रॅम म्हणजे आतली धातूच वेगळी.

मी विचारलं, जळगावला जाऊन टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून आणू का? बापू हसले नाहीत की घाईत बोललेही नाहीत. जुन्या दागिन्यांतलं लोखंड तपासायला त्यांच्या गल्ल्यात एक चुंबक असतो, तो काढला आणि बंद फिल्मवरून फिरवला. माझ्याकडच्या पाकिटावर चुंबक नुसता घसरत गेला. परत आलेल्या पाकिटावर तो मध्यावर आला आणि टक्‌ करून बसला. उचलला तर पाकीट सोबत उचललं गेलं.

"भाऊ, हाई चांदी नही शे," बापू म्हणाले. "लोखंड शे. टंच काढाले जळगावले जावानी गरज नही."

चांदी, तांबं, जस्त यांना चुंबक धरत नाही, आणि त्या मिश्रधातूतलं ५ टक्के निकेल चुंबकाला ओढण्याइतकं नसतं. लोखंडाची घनता त्या मिश्रधातूपेक्षा बरीच कमी, म्हणून त्याच आकाराचं लोखंडी नाणं साधारण सहा ग्रॅमने हलकं भरतं. हिशेब जुळला, आणि पाकीट न फोडता जुळला. हे सगळं बापूंच्या दुकानात, भिंतीवरच्या घड्याळासकट, व्हिडिओत आलं. माझ्या पॅकिंगच्या व्हिडिओत पाकिटाचं वजन आधीपासूनच असतं, त्यामुळे जाताना पाकिटात काय होतं तेही दाखवता येत होतं. माझं पॅकिंग संशयाच्या बाहेर गेलं. आता उरले दोघे, वाटेतला कुणीतरी किंवा घेणारा.

वेबसाइटला पुरावे पाठवण्याआधी मी त्या गृहस्थांना फोन केला. पुष्कळ विक्रेते म्हणतात गिऱ्हाइकाशी परस्पर बोलू नये. माझं मत वेगळं आहे. आरोप लेखी करण्याआधी माणसाला बोलायची संधी द्यावी.

"साहेब, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "पाकिटातलं नाणं नकलीच आहे. तुमच्याकडे आलेल्या बाहेरच्या खोक्याचा फोटो आहे का? टेपवर मी आडवी सही केलेली असते. ती तुटलेली असेल तर कुरिअरवर दावा लावू, तुमचे पैसे मी स्वतः परत करतो."

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "खोकं आहे. टेप ठीक होती."

"मग एक परवानगी द्या. व्हिडिओ कॉलवर, तुमच्यासमोर, हे पाकीट फोडतो."

"नको, नको. सील तोडू नका," ते एकदम म्हणाले. "तसंच राहू द्या." आणि फोन ठेवला.

ज्याला नकली माल मिळालाय त्याला पाकीट फोडायची भीती नसते. पण मी तरीही काही लिहिलं नाही. रात्री जेवण झाल्यावर त्यांचाच फोन आला. आवाज खाली आलेला. वडिलांना पंचाहत्तरावं लागणार होतं, म्हणून त्यांना ७५ चं नाणं द्यायचं होतं. आधी एका सोशल मीडियावरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलं, पैसे आगाऊ भरले. नाणं संशयास्पद वाटलं तेव्हा त्याने नंबर बंद केला. मग माझ्याकडून मागवलं. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवल्यावर फरक दिसला, आणि त्यांनी त्याचं पाकीट माझ्या नावावर परत पाठवलं. खरं त्यांच्या कपाटात होतं.

"माझं नुकसान कोण भरून देणार होतं, दादा?" त्यांनी विचारलं.

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. मी स्पष्ट सांगितलं: त्याने तुम्हाला फसवलं, त्याची भरपाई माझ्या खिशातून नाही. अर्ज उद्या सकाळपर्यंत मागे घ्या, नाहीतर सगळे व्हिडिओ वेबसाइटकडे जातील. पण त्याच्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर माझ्याकडे जे आहे ते सगळं तुमचं. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तिथे फोन करा, पैसे भरल्याची पावती, त्याचे मेसेज, काही पुसू नका.

सकाळी नऊच्या आत अर्ज मागे घेतला गेला.

राहिला प्रश्न त्या नकली पाकिटाचा. ते त्यांचं होतं, परत द्यायलाच हवं होतं. पण तसंच बंद दिलं तर ते उद्या पुन्हा कुणाच्या तरी रिटर्नमध्ये, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या भेटीत जाणार, हे मला मान्य नव्हतं. मी अट घातली, फोडूनच पाठवीन. या वेळी ते हो म्हणाले.

बापूंच्या दुकानातच, कॉलवर त्यांना दाखवत, फिल्म कापली. भिंगाखाली कडेचे दाते बघितले: काही रुंद, काही अरुंद, एका जागी दोन एकमेकांत मिसळलेले. त्यांच्या परवानगीने बापूंनी कडेला कानस मारली. वरचा पांढरा मुलामा गेला, खाली तांबूस थर दिसला, त्याखाली करडं लोखंड. कॉलवरून ते म्हणाले, "हे मी वडिलांच्या हातात देणार होतो." मला काही उत्तर सुचलं नाही.

नाणं, कापलेली फिल्म आणि फोल्डर वेगवेगळ्या पिशव्यांत घातले. दोन्ही पाकिटांची वजनं, तारीख आणि चाचण्या एका कागदावर लिहिल्या, बापूंनी दुकानाचा शिक्का मारला. पिशवीवर मार्करने ठळक 'नकली, विक्रीसाठी नाही' असं लिहून पार्सल केलं. टपालखर्च माझाच, त्याचं दुःख नाही.

त्यांनी तक्रार केली. वजनाचा कागद जोडला, आणि तक्रारीची प्रत मला पाठवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. तो विक्रेता नाव बदलून पुन्हा दिसला तेव्हा त्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्यांनी मला पाठवले, मी ते ओळखीच्या संग्राहकांना पाठवले. फोटोतल्या पाकिटाचा जोड कडेलाच होता.