आज आम्ही लिंबं मोजली

लातुरात आमच्या कॉलनीमागच्या ओपन स्पेसमध्ये लिंब (म्हणजे कडुलिंब), करंज, बाभळीचं दाट रान आहे. आज सकाळी आम्ही दहा-बारा जण सुतळी अन् टेप घेऊन गेलो आणि एकेका झाडाचा घेर वहीत लिहिला. थोरल्या लिंबाला दोघांचे हात पुरले नाहीत. सालीच्या भेगेत डिंकाचा मधासारखा थेंब, त्याला वळसा घालून मुंग्यांची रांग. लेकरं तिथून हलेचनात.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "झाडं मोजून काय करायलाव?"

"नोंद असली की गुपचूप तोडायला जमत नाही, मावशी. 50 वर्षांच्या झाडाला कायद्यात आता हेरिटेज वृक्ष म्हणतात." (महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी झाडं जपायच्या कायद्यात ही दुरुस्ती 2021 ची.)

"मग ह्याला आधी लिहा. मी लग्न होऊन आले तवाबी हा एवढाच होता."

इथं बाग व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण लॉन, कारंजं आणि पेव्हर ब्लॉकला माझा ठाम विरोध आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली, ते आपलंच गाव. त्या उन्हाळ्यात कुंड्या वाळून गेल्या. ही लिंबं मात्र कुणी घोटभर पाणी न घालता हिरवीगार होती. मातीची पायवाट, चार बाकडी, भोवती कुंपण, एवढं पुरे. पालापाचोळा जिथल्या तिथं राहू द्या.

मागची करंजं राहिलीत. पुढच्या रविवारी सहा वाजता या, येताना सुतळी आणा.