तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडचेच दागिने का?

दर गणपतीला फोनवर तोच प्रश्न येतो. "सांगलीच्या सोनाराची मुलगी तू. ठुशी, साज, नथ सोडून डब्लिनमध्ये त्या लोकांचे ब्रूच कसले घडवतेस?" आजवर "इथे तेच खपतं" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण उत्तरही नव्हतं.

तुम्ही परकं म्हणता, पण माझ्या हाताला ते परकं वाटत नाही. 'तारा ब्रूच'च घ्या. आठव्या शतकाच्या सुरुवातीचा, चांदीचा, वर सोन्याचा मुलामा, जेमतेम नऊ सेंटिमीटरचं वर्तुळ. त्यातल्या इवल्या चौकटींत सोन्याची तार वळवून प्राणी बसवलेत. चिमट्याने तार वळवायची, टाकणखार लावायचा, डाक वितळली की त्याच क्षणी जाळ काढून घ्यायचा, हे मला बाबांनीच शिकवलं. आणि एकमेकांत गुंतलेल्या त्या प्राण्यांची रीतही निव्वळ आयरिश नाही, समुद्रापलीकडे इंग्लंडातल्या अँग्लो-सॅक्सन कारागिरांकडेही ती होती. मग मला एकटीलाच हा जाब का?

पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायची लाज वाटत आली.

सुरुवातीची दोन वर्षं शनिवारच्या बाजारात माझा छोटा स्टॉल होता. तारा ब्रूचची लहान चांदीची प्रतिकृती ठेवायचे, शेजारी माझ्या अक्षरातलं कार्ड: 'तारा टेकडीवरच्या महाराजांचा अलंकार.' पर्यटक ते वाचायचे आणि पाकीट काढायचे. एकदा एक वयस्क बाई थांबल्या. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं, बोटं लाल झालेली. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "हा तर आमच्या बेटिसटाउनच्या किनाऱ्याजवळ सापडला. ताराचा काय संबंध?" मला माहीत होतं. 1850 साली मीथ परगण्यात सापडलेला हा ब्रूच जॉर्ज वॉटरहाउस या डब्लिनच्या जवाहिऱ्याने घेतला. तो त्याच्या प्रतिकृती विकायचा. तारा ही आयर्लंडच्या जुन्या राजांची टेकडी. तिचं नाव दिलं की त्या जास्त खपतील, म्हणून त्याने ते दिलं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही त्याने तो मांडला. हे सगळं वाचूनच मी ते कार्ड लिहिलं होतं.

मी गप्प राहिले. मग बाईंनी ब्रूच उलटा केला. मागे गुळगुळीत पत्रा आणि माझा शिक्का.

"मागे काहीच नाही?"

"मागची बाजू कोण बघतं?" मी म्हणाले. तेही जरा तोऱ्यातच.

त्यांनी तो अलगद, सरळ बाजू वर करून मखमलीवर ठेवला आणि गेल्या. मूळ ब्रूचची मागची बाजू पुढच्याइतकीच मन लावून घडवली आहे, बारीक चक्र्यांची नक्षी आहे तिच्यावर. अंगावर घातल्यावर ती फक्त कापडाला टेकते, दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी कितीदा त्याच्यासमोर उभी राहिले होते, पण पुढच्या बाजूची मापं घेत. आणि आमच्या दुकानात बाबा कुठलाही डाग गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्याच्या मागून अंगठा फिरवायचे. त्यांच्या मुलीने हे वाक्य उच्चारलं होतं. हा प्रसंग मी त्यांना कधी सांगितला नाही.

तेव्हाची मी आजही वाद घालते. म्हणते, गोष्ट विकली म्हणून तुझं घरभाडं निघालं. वॉटरहाउसने ते नाव दिलं नसतं तर या ब्रूचचा इतका बोलबाला झाला असता का, तू तरी इथवर आली असतीस का? मला याचं उत्तर देता येत नाही. एवढंच झालं की कार्डं बदलली. न्यूग्रेंज या इथल्या प्राचीन थडग्यातल्या तिहेरी चक्रीचं पदक लोक 'केल्टिक' म्हणून मागतात. मी लिहिते: ते थडगं इसवी सनापूर्वी सुमारे 3200 चं, केल्ट हे नाव कुणी उच्चारण्याच्या कितीतरी आधीचं. काहीजण वाचून पदक परत ठेवतात. तेव्हा वाईट वाटतं, भाड्याची तारीख जवळ आली की जास्तच.

मग ठुशी का नाही? करेन कदाचित. पण ठुशी माझ्याकडे हक्काने आली, तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही. या ब्रूचशी बोलले, म्हणून आधी याचं देणं आहे. हे तुम्हाला पटेल की नाही, माहीत नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. सध्या टेबलावर नवा ब्रूच आहे. पुढची बाजू ऑगस्टमध्येच झाली. मागची तिसरी चक्री दोनदा वितळवून पुन्हा धरली आहे.