आत्याला घड्याळ काढता येत नाही
मंगळवार, रात्र. ठाणे.

मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या कामाबद्दल वाचत बसले आणि झोपायची वेळ टळून गेली. बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा हा अभ्यास. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागातली पंचेचाळिशी ओलांडलेली 10,000 माणसं त्यांना हवी आहेत, आणि तीही धडधाकट. रक्त, एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या करायच्या आणि मग वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे पुन्हा जायचं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचायला लागतं ते विसराळूपणा दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. रुग्ण दारात येईपर्यंत थांबलं तर उशीरच.

मला पटलं ते खेडं निवडणं, कारण तिथे न शिकलेली माणसंही मोजणीत येतात. अमेरिकेत 1986 पासून 678 नन्सचा अभ्यास झाला, बहुतेक शिकलेल्या, शाळांत शिकवणाऱ्या. काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा सापडल्या, पण हयातीत बुद्धी शाबूत! अशा मेंदूकडे राखीव शिल्लक असते म्हणतात. ती मोजतात मात्र बहुधा शाळेत काढलेल्या वर्षांवरून.

इथे माझं अडतं. आत्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जन्म गेला जांभळी नाक्यावर भाजी विकण्यात. उधारीची वही कधी ठेवली नाही, कुणाकडून किती यायचंय ते सगळं तोंडपाठ. मध्यंतरी एका डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद सरकवला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तिनं पेन्सिल फिरवून पाहिली नि परत दिली. गुण गेले. परीक्षा मेंदूची चालली होती की बिगरीची? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर म्हाताऱ्यांसाठी वेगळी हिंदी चाचणी 1995 सालीच तयार झाली. तिच्यात वाक्य लिहायचं नसतं, आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं असतं. म्हणजे हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही.

आत्या विसरते, हे खरंच आहे. गॅस, गोळ्या, कधी माझं नावसुद्धा. पण शिक्षण शून्य म्हणून शिल्लकही शून्य, असं कुणी धरू नये. श्रीनिवासपूरच्या आकड्यांतून मला नेमकं हेच कळून घ्यायचंय, की हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या अशा बायकांचं काय होतं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं टाळता येण्याजोगी 14 कारणं दिलीत. ती सगळी हाताळली तर डिमेन्शियाची (म्हणजे स्मृतिभ्रंशाची) सुमारे 45 टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. यादीत कमी शिक्षण आहेच (ते आता सत्तरीनंतर कुठून आणू?), पण बहिरेपणाही आहे. आमच्या टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जातो. तेव्हा शनिवारी कान तपासायचे ठरवले.

"डोकं बिघडलंय म्हणतेस नि मशीन कानात घालतेस?" आत्या म्हणाली. मग किंमत विचारली. मी सांगितली. तिनं तिथल्या तिथे निम्म्यानं मागितलं.